बाबांचा झटका, आईचे पित्त

आमच्या घरात हृदयविकार हा बाबांचा विषय होता. केंद्र सरकारच्या नोकरीतली शेवटची वर्षे उरलेली असताना त्यांनी दिल्लीतले सरकारी क्वार्टर सोडले आणि गाझियाबादच्या एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बिल्डरने लिफ्टसाठी जागा ठेवली होती, लिफ्ट ठेवली नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात जिना चढताना बाबांना झटका आला, आणि तो अगदी पाठ्यपुस्तकात लिहिल्याप्रमाणे आला. छातीच्या मधोमध दाब, डाव्या हातात कळ, अंगाला दरदरून घाम. डॉक्टरांना निदान करायला फारसा वेळ लागला नाही. बाबा बरे झाले, आणि बरे होताना त्यांना एक नवे सामर्थ्य प्राप्त झाले. ते आपला झटका सांगू लागले.

मूळचे ते अबोल गृहस्थ. पण हा एक प्रसंग ते असा काही उभा करीत की ऐकणाऱ्याने चहाचा कप खाली ठेवावा. मूठ छातीवर, डोळे अर्धे मिटलेले, डावा हात खुर्चीच्या हातावरून हळूहळू घसरणारा. "गव्हाचं पोतं. पूर्ण भरलेलं. छातीवर ठेवलंय, आणि त्यावर कुणीतरी बसलंय." आमच्या भागातल्या मराठी मंडळात वीस-पंचवीस कुटुंबे होती, बहुतेक सरकारी नोकरीतली, काही बँकेत, काही नव्याने आलेल्या कंपन्यांत. गणपतीत, कोजागिरीला, एवढेच काय पण दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात सगळे मिळून जेवायला गेलो तरी, कुणीतरी विषय काढीच. परिणाम असा झाला की यमुनेच्या या बाजूला राहणाऱ्या मराठी माणसांनी हृदयविकाराचे शिक्षण एकाच शिक्षकाकडून घेतले. कुणाच्या छातीत जळजळले की दुसरा विचारी, "पोतं आहे का?" नसेल तर इनो पिऊन माणूस निश्चिंत होई.

आईचा विषय पित्त होता. डोके दुखले तर पित्त, झोप लागली नाही तर पित्त, खांदा भरून आला तरी फिरून फिरून पित्तच. त्यावर तिचे उपचार ठरलेले होते: आमसुलाचे सार, सुंठ-साखर, आणि पुण्याहून येणारा मोरावळा. काही वर्षांपासून तिला मधुमेह होता, पण तो ती पाहुण्यासारखा वागवी. त्याच्यासाठी चहात साखर कमी करी आणि बाकी त्याच्याकडे दुर्लक्ष करी. बाबांच्या पथ्यासाठी तिने स्वतःची स्टेनोची नोकरी मुदतीआधी सोडली होती. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, त्यांचे तेल, त्यांचे सकाळचे फिरणे यांवर तिची कडक देखरेख असे. घरात एकच रुग्ण होता, आणि ते पद भरलेले होते.

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून गुडगावच्या एका विदेशी कंपनीत लागले होते. आम्ही ईसीजीची यंत्रे विकत असू. नव्वदीचे दशक उतरणीला लागले होते, आणि प्रत्येक नव्या सेक्टरमध्ये एक नर्सिंग होम उघडत होते. त्यांची पहिली खरेदी जनरेटरची, दुसरी पाटीची आणि तिसरी आमच्या यंत्राची. मी रोज सकाळी उत्तर प्रदेशातून निघून, दिल्ली आडवी ओलांडून, हरियाणात पोहोचत असे आणि डॉक्टरांना यंत्र समजावून सांगत असे. मुलाखतीत मला विचारले गेले होते की पुढे काय व्हायचे आहे. मी सांगितले होते, तिशीच्या आत उत्तर विभागाची प्रमुख. ते हसले होते. मी हसले नव्हते.

कंपनीच्या कार्यालयात वैद्यकीय नियतकालिके येत. ती बहुतेक कुणी उघडत नसे, म्हणून ती माझ्या वाट्याला येत. त्यांत एक मुद्दा पुन्हा पुन्हा डोकावू लागला होता. हृदयविकाराचे जे वर्णन आपण पाठ करतो ते खोटे नाही. फक्त ते ज्यांच्याकडे पाहून लिहिले गेले, त्यांत पुरुष फार होते. स्त्रियांच्याही छातीत दुखते, पुष्कळदा दुखते. परंतु पुष्कळदा ते दुखणे सौम्य असते, आणि त्याच्याबरोबर किंवा त्याच्याऐवजी दुसरेच काही पुढे येते: जबडा, पाठ, मळमळ, धाप, कारण सापडत नाही असा थकवा. शिवाय पाळी जाईपर्यंत स्त्रीला थोडे संरक्षण असते, आणि मधुमेह ते संरक्षण आधीच काढून घेतो. मला हे शास्त्र म्हणून फार आवडले, कारण त्यात एका नीटनेटक्या नियमाला तडा जात होता. एका रात्री जेवताना मी ते घरी मांडले.

"म्हणजे आता यातही महिला आरक्षण," बाबा म्हणाले.

"आरक्षण नाही, बाबा. लक्षणं वेगळी."

"माझ्या पित्ताला तरी पित्त राहू दे बाई," आई म्हणाली आणि तिने मला भाजी वाढली.

त्यानंतरच्या जानेवारीत संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्याकडे ठरले. रविवारची दुपार. मंडळातल्या बायका काळ्या साड्या नेसून यायच्या होत्या आणि वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या आणल्या होत्या. त्या आठवड्यात मी मानेसर आणि फरीदाबाद अशा फेऱ्यांत होते. घरी यायचे ते झोपायला. शनिवारी संध्याकाळी एवढेच कळले की आई दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आली, दाढ भरून घेतली, तरी जबडा दुखतोच आहे, आणि पाठ नव्या गादीमुळे धरली आहे.

रविवारी दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर आई स्टुलावर बसून तिळगुळाचे लाडू ताटात रचत होती. जानेवारीतल्या गाझियाबादेत दुपारीसुद्धा घरात स्वेटरशिवाय कुणी वावरत नाही. आईने स्वेटर काढून दाराला अडकवला होता.

"आई, घाम का आलाय?"

"गॅसजवळ उभी होते म्हणून."

"गॅस बंद आहे."

"मघाशी चालू होता."

"जबडा?"

"दुखतोय. त्यानं दाढेत काय भरलंय कोण जाणे."

"सतत दुखतो, की काही करताना?"

आईने जरा विचार केला. तिला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "जिना चढताना. परवा भाजी घेऊन वर आले तेव्हा मध्ये दोनदा थांबावं लागलं. थांबलं की जायचं." तिने एक लाडू उचलला आणि परत ठेवला. "आज बसलेय, तरी जात नाहीये. आणि मळमळतंय. पित्त वर आलंय."

मी हा संवाद तिच्याइतक्याच शांतपणे चालवला, पण माझ्या डोक्यात एक वाक्य ठळक झाले होते: दाताला जिना कळत नाही. श्रमाने येणारी आणि विश्रांतीने जाणारी वेदना दाढेची नसते. आणि जी विश्रांतीने जायची ती आता जात नसेल, तर काहीतरी पुढच्या टप्प्यावर गेले आहे.

बाबा बैठकीत खुर्च्या लावत होते. मी त्यांना बोलावले. ते आले, त्यांनी हात पुसले आणि तपासणी सुरू केली.

"छातीत दुखतंय?"

"नाही हो. इथे जरा जड वाटतंय," आईने पोटाच्या वर, बरगड्यांच्या मध्ये बोट ठेवले.

"डावा हात?"

"हात ठीक आहे. हातानंच तर लाडू वळले."

"पोतं?"

"कसलं पोतं?"

"गव्हाचं. छातीवर."

"नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "बघ. पित्त आहे. मला विचार, मी त्यातून गेलोय."

"तुम्ही तुमच्यातून गेलात, बाबा. हे तिचं आहे."

सोमवारी सकाळी मानेसरच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मला यंत्र दाखवायचे होते, म्हणून त्याची पेटी घरीच होती. मी आईला झोपायच्या खोलीत नेले, आडवे केले, बाबांना दाराबाहेर ठेवले आणि इलेक्ट्रोड लावले. आई काळ्या चंद्रकळेच्या निऱ्या सावरत कुरकुरत होती की इस्त्री मोडणार. कागद बाहेर आला. मी तो दोनदा पाहिला. त्यात बोट ठेवावे असे काहीच नव्हते.

"काय आलं?" दाराबाहेरून.

"विशेष काही नाही."

"म्हणजे नॉर्मल."

"म्हणजे या क्षणी विशेष काही नाही."

माझ्या आयुष्यातली ती विचित्र घडी होती. ज्या यंत्राची थोरवी मी तीन राज्यांत सांगत फिरत होते, त्याच्याविरुद्ध मला वाद घालायचा होता. पण पहिला आलेख स्वच्छ येऊ शकतो आणि तरी झटका चालू असू शकतो, हे यंत्र विकतानाही मी सांगतच असे. मी बाबांना त्यांच्या डबीतली अॅस्पिरीन मागितली. त्या डबीला ते कुणाला हात लावू देत नसत. त्यांनी स्वतःच गोळी काढून आईच्या हातावर ठेवली. "चावून खा," ते म्हणाले. "कडू आहे." जिभेखालची गोळीही द्यायला निघाले होते, ती मी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ दिली नाही.

एवढ्यात घंटा वाजली, आणि आई उठून बसली.

"बायका आल्या. वाण देते, तासाभरानं जाऊ."

"तास फार मोठा आहे, आई."

"घरात पाहुण्या आणि यजमानीण बाहेर, असं कुणी करतं का? लोक काय म्हणतील?"

दारात समोरच्या फ्लॅटमधल्या मावशी उभ्या होत्या. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या जिन्यावरच्या घरांत मोटार चालवणारी बाई एकच होती, ती त्या. दरवर्षी तिळगुळाला सर्वांत आधी येत आणि सर्वांत शेवटी जात. त्यांच्या मागे आणखी चौघी-पाच जणी होत्या. मी काय झाले ते थोडक्यात सांगितले.

"पण पोतं आहे का?" मावशींनी विचारले.

मला त्याही स्थितीत हसू आवरेना. "मावशी, जबडा जिना चढताना दुखायचा आणि थांबलं की थांबायचा. दाताला जिना कळतो का?"

त्यांनी उत्तरासाठी फार वेळ घेतला नाही. "गाडीची चावी आणते," त्या म्हणाल्या. "वहिनी, तुम्ही उठायचं नाही."

"अहो, पण हळदीकुंकू..."

"आमचं आम्ही लावू एकमेकींना," मागून एक काकू म्हणाल्या. "आणि गाळण्या कुठे ठेवल्यात तेवढं सांगा, आम्ही चोर नाही."

आईने अट घातली. जायचे तर निदान आलेल्यांना कुंकू लावून जायचे. मी हिशेब केला की नकार देऊन वाद वाढवण्यापेक्षा होकार देऊन वेळ वाचेल. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले, करंडा आणि तिळगुळाची वाटी तिच्या मांडीवर दिली, आणि खुर्ची उचलली. एव्हाना सोसायटीत लिफ्ट बसली होती, पण रोजच्यासारखी त्या दुपारीही वीज नव्हती आणि सोसायटीच्या जनरेटरवर घरातली वीज चाले, लिफ्ट नाही. चार काळ्या साड्या, प्रत्येकीच्या हातात खुर्चीचा एक पाय. बाबांनी मधे हात घालायचा प्रयत्न केला तेव्हा चौघी एकदम म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हार्ट पेशंट, बाजूला व्हा."

पहिल्या मजल्यावर खालून येणाऱ्या दोघी-तिघी भेटल्या. त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आईने खुर्चीतूनच त्यांच्या कपाळाला हळदीकुंकू लावले, हातावर लाडू ठेवला आणि मला म्हणाली, "बघ, काही राहिलं नाही." तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांतल्या एकीने लाडू घेताना तिचा हात क्षणभर धरून ठेवला. मग खुर्ची पुन्हा हलली, आणि आई खुर्ची धरणाऱ्यांना पायाखाली पदर येईल म्हणून बजावू लागली.

मावशींनी गाडी अशी चालवली की रिक्षावाल्यांनीही त्यांना वाट दिली. पुढच्या सेक्टरमधल्या नर्सिंग होममध्ये ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. त्याने स्ट्रेचरवरच्या आईकडे पाहिले, मग बाबांकडे वळून म्हणाला, "अंकल, दर्द कब से है?"

बाबांचा हात छातीकडे निघालेला मी पाहिला. "पेशंट ये हैं," मी म्हणाले.

"ओह. आंटी, घबराहट हो रही है? घर में कोई टेन्शन?"

"टेन्शन तो है," आई म्हणाली. "घर में मेहमान बैठे हैं. बाकी कुछ नहीं, पित्त है. अॅसिडिटी."

"वही लग रहा है. गॅस का इंजेक्शन दे देते हैं."

रुग्ण आणि डॉक्टर यांचे इतके एकमत मी क्वचितच पाहिले होते. मी यंत्र विकताना वापरायच्या आवाजात सांगितले: वय अठ्ठावन्न, मधुमेह, काही दिवस श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे जबड्याचे दुखणे, आज विश्रांतीतही न गेलेले, बरोबर घाम आणि मळमळ. घरी काढलेला एक ईसीजी स्वच्छ. दुसरा काढावा, आणि रक्तातली हृदयाची एन्झाइम तपासावीत.

"आप डॉक्टर हैं?"

"नहीं. ये मशीन मैं बेचती हूँ."

"बेटा," मावशी मागून म्हणाल्या, "लड़की जितना कह रही है उतना पहले कर लो. गॅस कहीं भागी नहीं जा रही."

तो हसला. त्याच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की हसून झाल्यावर त्याने सगळे नीट केले. नर्सला बोलावले, पडदा ओढला, इलेक्ट्रोड जागेवर लागले आहेत की नाहीत हे स्वतः पाहिले. कागद सरकू लागला, आणि हृदयाच्या खालच्या बाजूची खबर देणाऱ्या ओळी जमिनीवरून उठलेल्या दिसल्या. घरी त्या आपल्या जागेवर होत्या. मी त्याच्याकडे पाहिले, त्याने माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या आवाजातला "आंटी" एकदम "मॅडम" झाला. मोठ्या डॉक्टरांना फोन गेला. ते आले, आणि गुठळी विरघळवणारे औषध आईच्या शिरेत सुरू झाले.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले.

"पोतं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "मी नीट विचारलं होतं."

"विचारलं होतंत."

"डावा हातसुद्धा ठीक होता."

"हो."

"मग तिला कळणार कसं? तिला पित्त सवयीचं आहे. ती त्यातच घालणार सगळं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांना आजाराबद्दल सांगण्यासारखे काही उरले नव्हते. "आणि मला तरी कुठे कळलं? मी तर म्हणालो पित्तच आहे."

"गोळी तुम्हीच दिलीत. ती उपयोगाची होती."

आत औषध चालू होते. त्या वाट पाहण्यात विश्लेषण करण्यासारखे काही नव्हते, तरी मी करत राहिले, कारण मला दुसरे काही येत नव्हते. अखेर मोठे डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, दुखणे उतरले आहे, आलेखही खाली येतो आहे, वेळेत आणलेत. मावशींनी छातीवर क्रूस काढला आणि मग बाबांना चहा आणायला पाठवले, त्यांना काहीतरी काम हवे होते म्हणून.

पुढे दिल्लीच्या एका मोठ्या इस्पितळात तिच्या तपासण्या झाल्या आणि तिथे ती काही दिवस राहिली. शुद्धीवर ती पूर्णवेळ होती, पण तक्रारीचा सूर तिला तिथे सापडला. "इतकं सगळं झालं, आणि साधं छातीत धड दुखलं नाही," ती मला म्हणाली. "सांगायचं काय लोकांना?" सांगणे खरोखरच कठीण होते. मी पुण्याला फोन केला की तिकडून आत्या म्हणे, "अरे देवा, दादाला परत?" नाही, आईला. "हो गं, पण दादा आता कसा आहे?" मामांनी तर बाबांसाठी नवस बोलून टाकला. तो आईच्या नावावर वळता करता येतो का, याची चौकशी बाबांनी स्वतः केली.

ती घरी आली तेव्हा व्यवस्था बदलावी लागली. बाबांनी पोळ्या शिकायला घेतल्या. त्यांचे आकार वादग्रस्त होते, पण कमी तेल ही गोष्ट त्यांना पटवावी लागली नाही. सकाळी दोघे एकत्र फिरायला जात. मी एकच नियम घातला. आईने कोणत्याही दुखण्याचे निदान करायचे नाही. पित्त आहे की नाही, हे इतरांनी ठरवायचे. तिने फक्त सांगायचे: काय, कुठे, कधी.

आईने स्टेनोच्या शिस्तीने हे काम अंगावर घेतले. मार्च महिन्यात गुडगावला आमच्या विभागाची आढावा बैठक होती. मी मोठ्या साहेबांसमोर पुढच्या वर्षाची योजना मांडत होते, आणि ती मांडताना उत्तर विभागाच्या प्रमुखाची खुर्ची मला अगदी स्वच्छ दिसत होती. तेवढ्यात रिसेप्शनिस्ट आत आली. घरून फोन आहे, अर्जंट. मी धावत बाहेर गेले.

"डावी टाच दुखतेय," आई म्हणाली. "सकाळपासून. चालताना."

"श्वास?"

"ठीक."

"जबडा, पाठ, मळमळ, घाम?"

"काही नाही. बाबा म्हणतात नवीन बूट घट्ट आहेत."

"बाबांचं बरोबर असेल. आई, टाचेचा हृदयाशी काही संबंध नाही. मी मीटिंगमध्ये आहे."

"मी कुठे म्हटलं संबंध आहे?" आई म्हणाली. "ते तू ठरव. माझं काम सांगायचं."

नियम मीच घातला होता. मग म्हणाले, बूट काढून ठेव, संध्याकाळी बघते, आणि उद्या काही वाटलं तर उद्याही फोन कर. आत गेले तेव्हा साहेबांनी विचारले, सब ठीक? बिल्कुल, मी म्हणाले, आणि योजना जिथे थांबली होती तिथून पुढे सांगू लागले.